एल्बो गेला

थोरल्याच्या लाँचच्या इंजिनात एक वाकडा तुकडा होता. दोघा भावांचं एकमेकांकडे जाणं-येणं त्या तुकड्यावर टिकून होतं.

इंजिनाचा तापलेला धूर आणि त्याला थंड करणारं समुद्राचं पाणी जिथे एकत्र येतात, तिथे हा एल्बो बसवलेला असतो. त्याला दोन भिंती असतात. आतल्या नळीतून धूर जातो, बाहेरच्या पोकळीतून पाणी, आणि टोकाशी दोन्ही मिसळून जाड रबरी नळीतून लाँचच्या मागे बाहेर पडतात. धूर, उष्णता आणि मीठ ही तिन्ही एका जागी आल्यावर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, फार दिवस चालत नाही. ते आतून झडत जातं. बाहेरचा रंग शाबूत राहतो, त्यामुळे वरून पाहून काही कळत नाही. आतली भिंत फुटली तर पाणी उलटं इंजिनात शिरतं, आणि मग इंजिन उघडून बसण्याशिवाय काही हातात उरत नाही.

म्हणून थोरला दर वर्षी लाँच दुरुस्तीसाठी किनाऱ्यावरच्या उतारावर ओढून घेतली की एल्बो काढायचा. तो बहुतेक वेळा बदलावाच लागायचा. हे काम एकट्याचं नव्हतं. एकाने इंजिन आणि लाँचची भिंत यांच्यामधल्या फटीत उताणं पडून एल्बोचं वजन खांद्यावर पेलायचं आणि जोडातून पाणी गळू नये म्हणून घातलेलं जाड कागदाचं गॅस्केट सरकणार नाही हे पाहायचं. दुसऱ्याने वरून पान्याने बोल्ट आवळायचे, एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, थोडे थोडे. खालच्याने सांगायचं, "अर्धा. अजून अर्धा. बास." वरच्याने ऐकायचं. खाली नेहमी धाकटा असायचा.

धाकटा पूर्वी लाँचवरच होता. वडिलांनी लाँच दोघांच्या हवाली केली होती. थोरला सुकाणूवर, धाकटा इंजिनावर. एके वर्षी तपासणीला साहेब आले, इंजिनाच्या खोलीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कोण?" थोरला साहेबांच्या पुढ्यात थोडा ताठ उभा होता. तो म्हणाला, "हा आमचा फिटर."

धाकट्याने हात पुसले. साहेब गेल्यावर तो इतकंच म्हणाला, "फिटर तर फिटर," आणि महिन्याभरात पलीकडच्या किनाऱ्यावर, बाजाराच्या मागे, स्वतःचं वर्कशॉप टाकलं. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. थोरल्याला आपलं चुकलं हे त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण जे वाक्य सहज तोंडातून गेलं होतं त्याच्यासाठी माफी कशी मागायची हे त्याला कधी जमलं नाही. मग तेही राहून गेलं.

राहिला तो एल्बो. लाँच वर ओढली की थोरला पलीकडे जाणाऱ्या कुणालाही सांगायचा, "धाकट्याला निरोप द्या, एल्बो गेला." दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन हजर. दिवसभर दोघं इंजिनाच्या खोलीत. बोलणं पान्याचं, गॅस्केटचं, "धर", "सोड", "जरा डावीकडे". दुपारी थोरल्याची बायको जेवण घेऊन यायची, तेव्हा तिच्याशी धाकटा घरातलं बोलायचा, मुलीचं, सासूचं, गुडघ्याचं. थोरला शेजारी बसून सगळं ऐकायचा. वर्षभराची भावाची खबर त्याला अशी मिळायची, बायकोच्या वाटणीतून.

ज्या वर्षी सगळं बदललं, त्या वर्षी धाकटा आला तो शिडीवरून उतरतानाच खांदा आपटून. मग इंजिनाशेजारी ठेवलेली काळ्या तेलाची बादली त्याच्या पायाने लवंडली. तेल फळ्यांवर पसरलं.

"डोळे फुटलेत का रे?" थोरला ओरडला.

धाकटा हसला. "बादली मध्ये ठेवायची आणि वर मलाच विचारायचं."

"मध्ये कुठे? बाजूला तर होती."

"बाजूलाच तर घोळ आहे," धाकटा म्हणाला आणि चिंधी घेऊन तेल पुसायला बसला.

जुना एल्बो निघाला. धाकट्याने तो उचलून तोंडाशी धरला आणि आत बॅटरी टाकून बराच वेळ पाहत राहिला. नखाने खरवडलं तर आतून पापुद्रे सुटून त्याच्या मांडीवर पडले.

"दादा, हे बीड आता पुरे. मी तुला स्टेनलेसचा करून देतो."

"स्टेनलेस म्हणजे ते भांड्यांचं?"

"भांड्यांचं नाही. खाऱ्या पाण्यासाठी वेगळं येतं. महाग असतं, पण टिकतं. नीट केला तर दर वर्षी ही उठाठेव नको."

थोरल्याच्या हातात पाना होता. तो त्याने हळूच फळीवर ठेवला. उठाठेव. त्याच्या मनात तो शब्द अडकला. म्हणजे याला यायचा कंटाळा आला आहे. वर्षातून एक दिवस, तोही नको. त्याने विचारायला हवं होतं, का रे, असं अचानक का? पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

"कर," तो म्हणाला.

दुपारी जेवताना धाकट्याने पाण्याचा पेला शोधण्यासाठी हात जमिनीवरून फिरवला. पेला त्याच्या गुडघ्यालगत होता. वहिनीने तो उचलून त्याच्या हातात दिला.

"काय हो भाऊजी, समोरचं दिसत नाही होय?"

"समोरचंच दिसतं वहिनी. म्हणून तर तुम्ही दिसता."

"जीभ मात्र पहिल्यासारखीच आहे," ती म्हणाली. संध्याकाळी घरी आल्यावर तिने नवऱ्याकडे विषय काढला. "अहो, भाऊजी पेला चाचपडत होते."

"वय झालं," थोरला म्हणाला. "माझंही झालंय. माझ्याबद्दल कोणी बोलत नाही."

एल्बो तयार व्हायला बरेच दिवस लागले. इतके की उतारावरच्या दुसऱ्या लाँचवाल्यांनी चेष्टा सुरू केली. "काय, भाऊ दागिना घडवतोय का?" धाकटा तो घेऊन आला तेव्हा खरोखरच दागिना काढावा तसा फडक्यातून काढला. जोड बोटाने चाचपून पाहावा लागत होता, इतका सारखा. आतूनही तसाच. धाकट्याने समजावून सांगितलं की वेल्डिंग करताना नळीच्या आत गॅस भरून ठेवावा लागतो, नाहीतर जोडाची आतली बाजू जळते आणि गंज पहिल्यांदा तिथेच लागतो. तळाशी त्याने एक लहान प्लग ठेवला होता.

"हे एवढं लक्षात ठेव. स्टेनलेसला वाहतं पाणी चालतं, साचलेलं चालत नाही. लाँच दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर हा प्लग काढून पाणी सोडून द्यायचं, गोडं पाणी फिरवायचं. साचलं तर मात्र बारीक भोकं पडतात. सुईने टोचल्यासारखी."

"कळलं."

"नुसतं कळलं नको. कर."

"करतो रे बाबा."

मग दोघांनी तो बसवला. "अर्धा. अजून अर्धा. बास." इंजिन सुरू केल्यावर मागून पाणी धडधड पडायला लागलं. धाकटा फटीतून बाहेर आला, अंगावरची धूळ झटकली आणि एल्बोवर हात ठेवून म्हणाला, "हा आपल्या दोघांना पुरून उरेल, दादा." मग पिशवी उचलली. शिडीची पहिली पायरी त्याने पायाने दोनदा शोधली. थोरल्याने ते पाहिलं. त्याला वाटलं, धाकटा मागे वळून काही बोलणार आहे आणि रेंगाळतो आहे. तो बोलेल म्हणून थोरला वाट पाहत राहिला, आणि धाकटा वर चढून गेला.

तपासणीला जुनेच साहेब आले. आता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी एल्बोवर बॅटरी मारली आणि शीळ घातली. "हे कुणाचं काम? असा जोड मी मोठ्या जहाजावरही क्वचित पाहतो."

थोरल्याच्या मनात उठाठेव हा शब्द अजून ताजा होता. "बाहेरून करून घेतलं," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी लाँच उतारावर आली. थोरल्याने रबरी नळी काढून एल्बोच्या तोंडात बॅटरी टाकली. आत धुराचा पातळ थर होता. बोटाने पुसल्यावर खालून स्वच्छ धातू निघाला. तो बराच वेळ पुसत राहिला, एखादा तांबूस ठिपका सापडेल म्हणून. जोडाच्या कडेला काहीतरी दिसलं तेव्हा त्याने बॅटरी जवळ नेली. पण तो रंगाचा शिंतोडा होता, नखाने निघून आला.

"काय म्हणतोय एल्बो?" बायकोने विचारलं.

"ठणठणीत आहे."

"मग तोंड का उतरलंय?"

तो रबरी नळी पुन्हा बसवू लागला. ती म्हणाली, "एल्बो गेल्याशिवाय भावाला बोलावता येत नाही का?"

"काय म्हणून बोलावू?"

"भाऊ म्हणून."

हे सोपं होतं. इतकं सोपं असल्यामुळेच त्याला ते करता येईना. इतक्या वर्षांत ते दोघं कधी उगाच भेटले नव्हते. पलीकडून येणारा कोणी धाकट्याच्या वर्कशॉपचा विषय काढू लागला, तर थोरला इंजिनाचा आवाज वाढवायचा. एकदा कोणीतरी म्हणालं की धाकट्याचं शटर हल्ली लवकर खाली येतं. थोरल्याला वाटलं, कमावलं असेल, आता आराम करतो आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी लाँच अशीच उभी होती आणि थोरल्याने प्लग काढला नाही. विसरला नव्हता. रोज उताराजवळून जाताना त्याला आठवायचं की आत खारं पाणी साचून आहे, आणि रोज तो पुढे जायचा. सुईने टोचल्यासारखी भोकं, त्याला हवी होती तेवढीच. एक पुरेल. मग निरोप धाडता येईल. पण आठवडाभराने तो दुपारच्या उन्हात इंजिनाच्या खोलीत उतरला आणि प्लग काढून पाणी सोडलं. पाणी करडं होतं, वास मारत होतं. त्याने गोड्या पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. भावाने तो जोड कसा केला असेल हे त्याला दिसत होतं, वाकून, श्वास रोखून. एल्बोला काही झालं नव्हतं. त्याला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

त्याच्याही पुढच्या वर्षी मात्र त्याने कुणाला काही न सांगता वरच्या बोल्टांवर पाना लावला. एल्बो एकट्यानेच सोडवला, खालून लाकडाचा ठोकळा लावून. गॅस्केट फाटलं. एल्बो गोणपाटात गुंडाळून तो दुसऱ्याच्या लाँचमधून, तिकीट काढून, पलीकडे गेला.

वर्कशॉपचं शटर अर्धं खाली होतं. लेथवर ताडपत्री घातलेली होती आणि ताडपत्रीवर धूळ. दाराजवळ स्टुलावर धाकटा बसला होता. त्याच्या मांडीवर नट-बोल्टांची परात होती. तो एकेक नट बोटांत फिरवून पाहत होता आणि समोरच्या डब्यांत टाकत होता. तो डब्यांकडे पाहत नव्हता. आधी डाव्या हाताने डब्याची कड शोधायचा, मग उजव्या हाताने नट सोडायचा.

थोरला खोकला.

धाकट्याचा हात थांबला. "दादा?"

"एल्बो गेला," थोरला म्हणाला. वाटेत त्याने हेच एक वाक्य तयार करून आणलं होतं.

"आण इकडे."

थोरल्याने गोणपाट सोडून एल्बो त्याच्या समोर धरला. धाकट्याचा हात भलतीकडे गेला, मग परत आला, मग सापडला. त्याने चेहरा वर केला आणि मान थोडी थोडी हलवत काहीतरी नेमकं शोधलं.

"दिसलास. नाक दिसलं. तेही मोठं आहे म्हणून."

बसायला दुसरं काही नव्हतं, थोरला रंगाच्या डब्यावर बसला.

"कधीपासून?"

"काचबिंदू आहे. बाजूनं कमी कमी होत आलं. आधी कळलंच नाही, दुखत नाही ना काही. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टरांकडे गेलो तोवर बरंच गेलं होतं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, उरलंय तेवढं सांभाळायचं. थेंब घालतो."

"तू बादली लवंडलीस तेव्हा—"

"तेव्हा कळलं होतं. त्याच्या थोडं आधीच."

आतून धाकट्याची बायको आली. तिने थोरल्याकडे पाहिलं, पुन्हा आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

"मग बोलला का नाहीस?" थोरल्याचा आवाज चढला. "तिथेच सांगायचं ना! मी तुला काय म्हणालो होतो त्या दिवशी, आठवतंय?"

"आठवतंय. डोळे फुटलेत का म्हणालास. खरं तेच बोलला होतास." धाकटा हसला, पण या वेळी थोडंसंच. "सांगणार होतो. एल्बो बसवून झाल्यावर सांगू म्हटलं. मग वाटलं, तू विचारशील, स्टेनलेसचं खूळ कुठून आलं म्हणून. तू विचारलं नाहीस. आणि नंतर कधी सांगणार? तुझा एल्बो चांगला चालला होता."

थोरल्याने मान खाली घातली.

"मला काय वाटलं होतं सांगू?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुला यायचा कंटाळा आला."

"कंटाळा?" धाकट्याने एल्बो मांडीवर ओढला. "अरे, पुढच्या वर्षी मला शिडी उतरता आली नसती. तू दुसरा कोणीतरी पकडून आणला असतास, त्यानं गॅस्केट तिरकं बसवलं असतं आणि इंजिन पाणी प्यायलं असतं. भर समुद्रात, माणसं घेऊन. समोरचं दिसत होतं तोवर एक तरी धड करून ठेवू म्हटलं. जाळाचा ठिपका तेवढा छान दिसायचा. बाकी सगळं हिनं हातात दिलं. हे शेवटचं वेल्डिंग माझं."

बोलता बोलता त्याने एल्बोच्या तोंडात बोटं घातली होती. त्याने जोडावरून बोट फिरवलं, गोल, सावकाश, मग उलट्या दिशेने. मग तळाचा प्लग चाचपला.

"याला काहीही झालेलं नाही."

थोरल्याने गोणपाटाची घडी घातली.

"दादा, का काढलास?"

"गेला म्हणून."

"खोटं बोलायला तुला कधी आलंय?" धाकटा म्हणाला. "आता गॅस्केट नवं लागणार. फुकट काम वाढवलंस." त्याने आत हाक मारली, गॅस्केटचा कागद आणि लहान हातोडी मागवली. एल्बोच्या सपाट तोंडावर जाड कागद पसरला, डाव्या हाताच्या अंगठ्याने कड दाबली आणि हातोडीच्या गोल टोकाने हलक्या हाताने ठोकायला सुरुवात केली. लोखंडाच्या कडेवर कागद आपोआप कापला जात होता. या कामाला डोळे लागत नाहीत. थोरला पाहत राहिला. इतक्या वर्षांत धाकट्याचं काम त्याने वरून पाहिलं होतं, पान्यापुरतं. समोर बसून पहिल्यांदाच.

त्याला खूप बोलायचं होतं. साहेब, फिटर, बाहेरून करून घेतलं. तो म्हणाला, "चल ना बसवायला. शिडी मी धरतो. नाहीतर पाठीवर घेतो."

"पडलो तर दोघं पडू. वहिनींना किती त्रास." धाकट्याने कापलेलं गॅस्केट उचलून फुंकर मारली आणि भोकं बोटांनी मोजली. "खाली ठोकळा लाव. काढताना लावला असशील तसा. होतंय एकट्यानं, वेळ लागतो एवढंच."

चहा आला. धाकट्याच्या बायकोने कप नवऱ्याच्या तळहातावर टेकवला आणि बोटं मिटेपर्यंत धरून ठेवला. थोरल्याने ते पाहिलं आणि आपला चहा गरम गरमच पिऊन टाकला.

निघताना तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतो."

"कशाला? एल्बो ठीक आहे म्हटलं ना."

"असाच."

"असाच?" धाकट्याने मान हलवत त्याचं नाक पुन्हा शोधलं. त्याला ते सापडलं की नाही, कळलं नाही. "ये. पण लवकर ये. बघण्यासारखं काही राहिलंय तोवर."

थोरल्याने एल्बो एकट्याने बसवला. फटीत ठोकळा लावला, वरून पाना धरला. एक इकडचा, मग समोरचा. दुसऱ्या बोल्टाला त्याचं त्यालाच ऐकू आलं, तो मोठ्याने म्हणत होता, अर्धा, अजून अर्धा. बास कधी म्हणायचं ते मात्र त्याला नीट कळत नव्हतं. ते खालच्यालाच कळायचं. तो अंदाजाने थांबला. गॅस्केटमधून पाण्याचा थेंबही आला नाही.

तपासणीला या वेळी नवे साहेब आले, तरुण, घाईत असलेले. जुने साहेब निवृत्त झाले होते. यांनी इंजिनाच्या खोलीत वाकून बॅटरी फिरवली. बॅटरीचा झोत एल्बोवर क्षणभर चमकला आणि पुढे सरकला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले.

"हा एल्बो माझ्या भावानं केलाय," थोरला म्हणाला.

साहेब शिडी चढायला लागले होते. इंजिनाच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नसावं. "हं? काही अडचण?"

"नाही. काही नाही."

साहेबांचे बूट वरच्या फळ्यांवरून दूर गेले. थोरला खालीच उभा राहिला. एल्बोवर हात टेकवता येत होता, पाणी नीट फिरत होतं.

"माझ्या धाकट्या भावानं," तो पुन्हा म्हणाला. इंजिनाच्या खोलीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.